तळ्यातला प्राणी पडद्यावर आणताय? या चुका टाळा

महिन्यातून एखाद-दोन फोन ठरलेले असतात. "दादा, तळ्यातल्या प्राण्यावर फिल्म करतोय. अंगात घालायचा प्राण्याचा सूट करून द्याल का?" मी आधी एवढंच विचारतो, प्राणी कितव्या मिनिटाला दिसणार? "पहिल्याच सीनला," असं उत्साहाने उत्तर येतं आणि पुढचा अर्धा तास मी तेच ते सांगत बसतो. गेली पंधरा वर्षं शॉर्टफिल्मवाल्यांसाठी मुखवटे, सूट आणि मॉडेलं बनवतोय, त्यामुळे पोरं कुठे पाय घसरून पडतात ते आता पाठ झालंय. एकदाचं लिहूनच टाकतो.

हा सिनेमाप्रकार मला जिवापाड आवडतो. कमी पैशात भीती उभी करायची तर तळ्याएवढी सोयीची जागा नाही. वाड्यात अंधार करावा लागतो, जंगलात धूर सोडावा लागतो. तळ्यात चार फुटांखाली काय आहे ते काठावरच्या कुणालाच दिसत नाही, आणि त्यासाठी एक रुपया खर्च होत नाही. आपल्याकडचा प्रेक्षक तर ही भीती घरूनच घेऊन येतो. "त्या डोहाकडे जाऊ नको, तिथे आसरा आहेत," हे ज्याने आजीच्या तोंडून ऐकलंय, किंवा कोकणात ज्याला लहानपणी गिऱ्ह्याची भीती घातली गेलीय, त्याला संथ पाण्याचा दहा सेकंदांचा शॉट पुरतो.

१९७२ चा 'द लेजेंड ऑफ बॉगी क्रीक' बघा. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात फूक नावाचं छोटं गाव आहे. चार्ल्स पिअर्स या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने गावातल्याच लोकांना कॅमेऱ्यासमोर उभं करून तिथल्या पाणथळ रानातल्या केसाळ प्राण्याची गोष्ट चित्रित केली. प्राणी धड असा दिसतच नाही. दिसतं ते काळपट पाणी, त्यात उभी झाडं आणि अंधार पडायच्या आत घराकडे निघालेली माणसं. हा सिनेमा तिकडच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या थिएटरांत, तुफान चालला. १९५९ च्या 'अटॅक ऑफ द जायंट लीचेस'मधल्या राक्षसी जळवा म्हणजे सूट घातलेली माणसं आहेत, हे पहिल्या झलकेतच कळतं. तरी गुहेत नेऊन ठेवलेल्या, अजून जिवंत असलेल्या माणसांचा प्रसंग आला की घशाला कोरड पडते. पैसा कमी होता हे प्रेक्षक पोटात घालतो. सूट वाईट आहे म्हणून एखादी फिल्म पडलेली मी क्वचितच पाहिलीय. पडतात त्या खाली लिहिलेल्या गोष्टींमुळे.

प्राणी लवकर दाखवणं

सूट झालाय, पैसे गेलेत, तर दाखवलाच पाहिजे, असं डोक्यात बसतं. मग तिसऱ्या मिनिटाला भर दुपारी प्राणी काठावर येऊन उभा राहतो आणि उरलेली बारा मिनिटं कुणालाही कशाचीही उत्सुकता उरत नाही.

'जॉज'चं बजेट आपल्या हिशेबात बसणारं नाही, आणि तो समुद्रातला सिनेमा. पण त्याची अडचण आपलीच होती. १९७४ च्या उन्हाळ्यात शूटिंगला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. मग दिग्दर्शक स्पीलबर्गने शार्कऐवजी त्याला दोरीने अडकवलेली पिवळी पिंपं दाखवली. पिंप पाण्याखाली गेलं की प्रेक्षकाला शार्क दिसतो. तळ्यावर शूट करणाऱ्या प्रत्येकाने ते पिंपांचे शॉट आवाज बंद करून पाहावेत, एकदा नव्हे, तीन-चारदा.

माझी सवय सांगतो. सूट हातात देण्याआधी मी दिग्दर्शकाकडून अशा पाच वस्तू लिहून घेतो, ज्या प्राण्यामुळे हलतील पण प्राणी नसतील. जाळं, होडीचा दोर, पाणकणसं, घाटाच्या पायरीवरचा तांब्या, काहीही. पाच सुचत नसतील तर गोष्ट अजून तयार नाही. काही जणांना याचा राग येतो. येऊ दे.

सूट न भिजवता पाण्यात उतरवणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात माणूस जाता जाता वाचलाय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, उजनीचं बॅकवॉटर, इंदापूरच्या बाजूला. पाणी इतकं उतरलेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं, आणि दिग्दर्शकाला तेच पार्श्वभूमीला हवं होतं. पाण्यातून वर आलेलं देऊळ आणि त्याच्यामागून येणारा प्राणी, कल्पना खरोखर सुंदर होती. सुट्टीचे दोनच दिवस होते. सूट मी केला होता. गादीवाल्याकडून आणलेला दोन इंची फोम, त्यावर लेटेक्सचे थर, सांधे चपला शिवणारे वापरतात त्या सोल्युशनने चिकटवलेले. कोरडा असताना वजन साडेसहा किलो. गच्चीवर घालून पाहिला, चालून पाहिला, वाकून पाहिला, सगळं झकास. पाण्यात घालून पाहिला नव्हता. वेळ नव्हता म्हणून मी गप्प बसलो, आणि ती चूक माझी होती.

सूट घालणारा मुलगा उत्तम पोहणारा. छातीभर पाण्यात उभा राहिला, पहिला टेक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्याने वर यायचं होतं. तो गुडघ्यावरून उठायला गेला आणि तसाच खाली बसला. आम्हाला वाटलं, अभिनय करतोय. गादीचा फोम म्हणजे स्पंजच. लेटेक्सला सांध्यांपाशी चिरा गेल्या होत्या आणि आतला फोम घटाघटा पाणी पीत होता. त्यात खाली गाळ. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं तेव्हा काठाला गुडघाभर चिखल असतो, पाय एकदा रुतला की दुसऱ्या पायाने जोर लावावा लागतो आणि मग तोही रुततो. मुलगा पुढे तोंडावर पडला. मुखवट्यात पाणी भरलं. चेन पाठीवर होती, त्याचा स्वतःचा हात तिथे पोहोचत नव्हता.

आमच्यापासून वीसेक फुटांवर एक म्हातारे मासेमार होडीत जाळं सोडवत बसले होते. आम्ही काठावर ओरडतोय तोवर त्यांनी होडी वळवून शेपटीला हात घातला होता. त्याला ओढत उथळ पाण्यात आणला, मग आम्ही चौघांनी मुखवटा फाडून काढला. मुलगा खोकला, ओकला, बसला. आजोबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोर का नाही बांधला रे पोराला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्याच माशांच्या काट्यावर तो सूट अडकवला. पाणी निथळत असताना एकतीस किलो भरला.

त्या दिवसापासून माझे काही नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला मी सूट देत नाही. सूटमध्ये वापरणार त्या प्रत्येक सामानाचा वीतभर तुकडा रात्रभर बादलीत वीट ठेवून बुडवायचा आणि सकाळी वजन करायचं. गादीचा फोम पाण्यासाठी बाद. योगा मॅटसारखी ईव्हीए शीट पाणी पीत नाही, पण ती तरंगते, म्हणजे माणसाला उलटा करू शकते. तिच्यासाठी कमरेला आणि पोटऱ्यांना वजन लागतं, आणि ते वजन एका ओढीत सुटलं पाहिजे. तळव्यांना, काखेत, कोपरांत भोकं पाडायची, पाणी आलं तसं जायला हवं. पाठीला चेन नाही, रुंद वेल्क्रो. कमरेला दोर, तो काठावर एका माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला दुसरं कोणतंही काम नाही, फोटो काढण्याचंही नाही. टायरची ट्यूब घेऊन एक जण पाण्यात. आणि पाणी मांडीपर्यंतच. प्राण्याने गुडघ्यावर बसायचं आणि कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली घ्यायचा. मांडीभर पाणी पडद्यावर अथांग दिसतं.

१९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'चं उदाहरण मला हटकून ऐकवलं जातं. त्यांनी केलंच ना? केलं. पण जमिनीवर सूट घालणारा बेन चॅपमन वेगळा आणि पाण्याखाली पोहणारा रिकू ब्राउनिंग वेगळा. ब्राउनिंग पाण्याखालच्या खेळांत मुरलेला माणूस होता. पाण्याखालचं शूटिंग फ्लॉरिडातल्या वकुला स्प्रिंग्जच्या काचेसारख्या झऱ्यात झालं, आणि शॉट संपला की त्याला पाण्याखालीच नळीतून हवा दिली जायची. पडद्यावर तो एकटा दिसतो, पण जवळ माणसं होती. तुमच्याकडे तळं गढूळ आहे, माणूस एकच आहे आणि रविवारी रात्री परतायचंय. तर पाण्याखाली जाऊ नका.

हेही सांगायला हवं, की ती फिल्म पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी सूट तंबूतच राहिला. आजोबांकडून जाळ्याला बांधायचा थर्माकोलचा तुकडा घेतला, त्याला नायलॉनची दोरी बांधली, तळाशी मोठा दगड टाकून त्याच्या लोखंडी कडीतून ती दोरी ओवली आणि दुसरं टोक काठावर झुडपामागे घेतलं. दोरी ओढली की तुकडा सरळ खाली जायचा. वारा पश्चिमेकडून होता, लाटा पूर्वेकडे जात होत्या, आणि तो पांढरा तुकडा आधी वाऱ्याविरुद्ध दोन फूट सरकला, थांबला आणि गेला. मामला दहा सेकंदांचा. मागे देऊळ. पुढे ती फिल्म जिथे जिथे दाखवली तिथे याच शॉटला लोक गप्प झाले. सूट घालून उठण्याचे आदल्या दिवशीचे दोन टेक संकलनात ठेवलेच नाहीत.

छोटं मॉडेल आणि मोठं पाणी

दुसरा मार्ग म्हणजे मॉडेल. पोरं वीतभर मान तयार करतात, टबात हलवतात, मोबाइलवर शूट करतात आणि मग विचारतात, दादा, हे खेळणं का वाटतंय? मॉडेलमध्ये दोष नसतो, ते पाणी खेळण्यातलं वाटत असतं.

स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यात 'नेसी' नावाचा प्राणी असल्याची दंतकथा आहे, त्याचा १९३४ चा तो जगप्रसिद्ध फोटो आठवा, लांब मान आणि लहान डोकं. वर्तमानपत्रात छापलेला तुकडा कापून मोठा केलेला होता. पूर्ण फोटो पाहिला की भोवतीच्या लाटा बारीक बारीक दिसतात आणि मान किती छोटी असेल ते लगेच कळतं. खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं ते डोकं होतं, हे १९९४ मध्ये जगासमोर आलं. साठ वर्षं लोक मानेकडे बघत राहिले. खरं उत्तर लाटांनी दिलं होतं.

यावर उपाय आहे आणि त्यात गणित सोपं आहे. मॉडेल जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि तितक्या पट जास्त वेगाने शूट करा. प्राणी खऱ्याच्या एक चतुर्थांश असेल तर चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम. एक सोळांश असेल तर चौपट, ९६ फ्रेम. दाखवताना २४ नेच दाखवायचं. पाणी मग तितक्याच जडपणे खाली पडतं जितकं मोठ्या अंगावरून पडेल. आता मोबाइल १२० आणि २४० फ्रेमनेही शूट करतात, त्यामुळे पैशाची सबब उरलेली नाही. मात्र फ्रेम वाढल्या की उजेड जास्त लागतो. घरातल्या दिव्याखाली चित्र लुकलुकतं, तेव्हा गच्चीवर, उन्हात शूट करा.

पण एक गोष्ट गणिताने सुटत नाही. पाण्याचा थेंब लहान होत नाही. वीतभर मानेवरून ओघळणारा थेंब डोळ्याएवढा दिसतो आणि सगळं बिंग फुटतं. म्हणून मी हाताएवढं मॉडेल करतच नाही. कमीत कमी चार फूट मान, आणि तीही पाण्यातून सुळकन वर काढायची नाही. हळू, एकाच वेगाने, आधी फुगवटा येईल, मग पाणी बाजूला होईल, मग कातडी दिसेल, अशी. यासाठी दहा-पंधरा टेक लागतात. "दोन टेकमध्ये होईल ना?" असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, होणार नाही.

मॉडेल तरंगतं कसं याचाही आधी विचार करा. १९६९ मध्ये बिली वाइल्डरच्या शेरलॉक होम्सवरच्या सिनेमासाठी नऊ मीटरचा नेसी बनवला होता. त्याच्या पाठीवरची दोन वशिंडं दिग्दर्शकाला नको होती, ती काढली. पाण्यावर तरंगण्याचा तोल त्यांच्यावरच होता. ओढत नेताना नेसी लॉख नेसच्या तळाशी गेला आणि २०१६ मध्ये पाण्याखालच्या यंत्रमानवाने तळाची पाहणी केली तेव्हा सापडला. अनुभवी माणसांचं हे झालं. आपण सेटवर ऐनवेळी "हे वरचं काढून टाक, बरं दिसत नाही" म्हणतो, तेव्हा हे आठवावं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दुपारी शूट करून रात्र म्हणणं. करता येतं, पण आकाश फ्रेममध्ये घेऊ नका, सूर्य समोर ठेवा, एक्सपोजर दोन स्टॉप खाली घ्या (म्हणजे कॅमेऱ्यात चौथाईच उजेड येऊ द्या) आणि रंग निळसर करा. पाण्यावरची चमक चांदण्यासारखी दिसते. नुसता निळा फिल्टर टाकून ढगांसकट दुपार दाखवली तर मी तरी पुढे बघत नाही.

पाण्याचा रंग. १९८१ च्या 'द लॉख नेस हॉरर'चं शूटिंग अमेरिकेतल्या लेक टाहोला झालं. टाहोचं पाणी निळं आणि नितळ, लॉख नेसचं पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीमुळे चहासारखं. जागा बदलली तर गोष्टीतलं तळंही बदला. आपल्याकडे शेवाळाचं हिरवं पाणी मिळतं, तर त्याची गोष्ट करा. स्कॉटलंडचं धुकं ओढून आणू नका.

पाण्याची पातळी. धरणाचं पाणी सोडलं की दोन दिवसांत काठ हातभर मागे जातो. पहिल्याच दिवशी एका दगडावर खडूने खूण करा आणि रोज फोटो काढा. धरणाच्या माणसांना परवानगीसाठी भेटता तेव्हाच पाणी कधी सोडणार तेही विचारा.

डरकाळी. पाण्यातला प्राणी वाघासारखा का ओरडतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बेडकांचा आवाज अचानक थांबवा. दुसरं काही लागत नाही.

मास्तरांचं भाषण. चष्मेवाले प्राध्यापक येतात आणि चार मिनिटं डायनासोर समजावतात. एक वाक्य ठेवा, जमल्यास तेही काढा.

विनोदी जोडी. 'द क्रेटर लेक मॉन्स्टर', १९७७. डेव्हिड ॲलनने एकेक फ्रेम हलवून जिवंत केलेला प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचा प्राचीन जलचर, आजही बघत राहावासा वाटतो. आणि सिनेमाचा केवढा तरी वेळ बोटी भाड्याने देणाऱ्या दोन मित्रांच्या भांडणात जातो. प्राण्याच्या वाट्याला मिनिटं कमी पडतात, तेव्हा वाईट वाटतं.

"नंतर व्हीएफएक्समध्ये करू." म्हणजे कॉम्प्युटरवर. प्राणी करता येईल. त्याच्याभोवतीचं पाणी हे त्या कामातलं सर्वांत अवघड आणि महाग पाणी आहे. हल्ली "एआयकडून काढून घेऊ" असंही ऐकतो. काढून घ्या, पण आधी काठावर एक संध्याकाळ बसून खऱ्या पाण्याकडे बघा. जे कधी तळ्याकाठी बसलेच नाहीत, त्यांना मशीनने दिलेलं पाणी चुकलंय हेही कळत नाही.

होडीत सगळ्यांना लाइफ जॅकेट. पोहता येतं म्हणणाऱ्यालाही, आणि रोलिंग नसतानाही. कपड्यांवर दिसतं म्हणून काढायचं असेल तर तो शॉट उथळ पाण्यात घ्या.

आणि शेवटचं. शूटिंग संपलं की थर्माकोलचे दाणे, फोमचे तुकडे, लेटेक्सची सालं पाण्यावर तरंगत राहतात. मासे ते खातात, आणि ज्यांचं जाळं आपण उसनं घेतलं त्यांच्याच जाळ्यात ते मासे येतात. मी गाडीत एक जुनी मच्छरदाणी आणि दोन बांबू ठेवतो. अंधार पडायच्या आत दोघांनी ती धरून काठाकाठाने कमरेभर पाण्यात चालायचं, वाऱ्याच्या दिशेने, कारण कचरा तिकडेच जमतो. अर्धा तास लागतो. पॅकअप त्यानंतर.